बहिरा नरसय्या आणि रडकी मोटार

नरसय्या मिस्त्री ठार बहिरा होता, आणि मोटारींचे आवाज घालवणं हा त्याचा धंदा होता. हे वाक्य मी घरात उच्चारलं की पोरं हसायला लागतात, बायको म्हणते, "झालं यांचं सुरू," आणि थोरली बहीण आलेली असली तर ती उठून आत जाते. तिला पुढचं सगळं ठाऊक आहे. तुम्हाला नाही, म्हणून सांगतो. पण एक आधीच कबूल करून टाकतो. या माणसाचं आणि माझं कधीही पटलं नाही. त्यानं माझं भलं चिंतलं नाही आणि मी त्याच्या वाईटावर टपलेला असायचो. गेलेल्या दिवसांतल्या माणसांबद्दल लिहिताना लोकांचे डोळे भरून येतात म्हणे. मला नरसय्या आठवला की अजून आधी कानशिलं तापतात, बाकीचं मागाहून.

त्या काळात मी सोलापूर-अक्कलकोट मोटार चालवत होतो. मोटार दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांची. आम्ही मूळ मोहोळकडचे शेतकरी. घरात बैलगाडीपलीकडे चाक म्हणून कुणी पाहिलेलं नाही. दाजींनी कुठून तरी एक जुनी लॉरी पैदा केली, तिच्यावर लाकडी बॉडी चढवली, आत बाकं ठोकली, आणि मेव्हणा घरात नुसता भाकरी मोडतोय हे पाहून तिचं चाक माझ्या हातात दिलं. मी शिकलो तीन आठवड्यांत. शिकलो म्हणजे, समोर म्हैस आली की माझा पाय ब्रेकवर जायच्या आधी तोंडातून "हो हो हो" निघायचं. म्हैस थांबायची, मोटार नाही.

नरसय्याचा अड्डा गावाबाहेर पडता पडता एका कडुनिंबाखाली होता. वर चार पत्रे, खाली एक खड्डा, आणि मोडक्या लोखंडाचा ढीग. माणूस उंच, काटकीसारखा, चाळिशीचा. डोक्याला फडकं, अंगात बिनबाह्यांचा सदरा, गुडघ्यावर धोतर. घरी बोलणं तेलुगू. बायको राजव्वा घरच्या हातमागावर लुगडी विणायची. तो स्वतः वीस वर्षं गिरणीत साचेखात्यात होता. तिथं शेकडो माग एकदम धडधडतात. शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथले लोक एकमेकांशी नुसते ओठ हलवून बोलतात. वीस वर्षांत नरसय्याचे कान गेले आणि डोळे मात्र असे तयार झाले की पन्नास पावलांवरून तो ओठ वाचायचा. गिरणी त्यानं सोडली तीही त्यामुळेच. मुकादमानं खात्याच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून, याला काय कळतंय म्हणून, याच्या आईवरून काहीतरी म्हटलं. यानं हातातला मागाचा धोटा फेकला तो मुकादमाच्या कपाळावर. धोट्याचं टोक पितळी असतं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मी मोटार त्याच्या दारात लावली आणि भोंगा वाजवत बसलो. आता बहिऱ्याच्या दारात भोंगा वाजवणारा मी एकटाच नसेन, पण पाव घटका वाजवणारा एकटाच असेन. तो पाठमोरा बसून काहीतरी घासत होता. शेवटी वळला, माझ्याकडं बघितलं, आणि परत घासायला लागला. मी काचेच्या आत, अगदी स्वतःशी, पुटपुटलो, "काय माजलंय बेणं."

तेवढ्यात तो उठून उभा राहिला. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो बोलायचा ते दवंडी दिल्यासारखं.

"बेणं तुजा बाप! खाली उतर!"

रस्त्यावरचे टांगेवाले हसले. मी उतरलो. तिथून आमचं वैर सुरू झालं, आणि ते त्यानं एक दिवसही शिळं होऊ दिलं नाही.

त्याच्याकडं कुणीही आला तरी पहिली पायरी एकच. गाडी जसा आवाज करते तसा आवाज मालकानं तोंडानं काढून दाखवायचा. लोकांना वाटायचं बहिरा थट्टा करतोय. करतही असेल. पण ओठ कसे होतात, जबडा कुठं आपटतो, यावरून त्याला पुष्कळ कळायचं. एकदा गावातले एक बडे वकील आपली मोटार घेऊन आले. लांब कोट, डोक्याला रुमाल, हातात काठी.

"मिस्त्री, गाडी कुरकुरते," वकील म्हणाले.

"कुरकुर कोंबडी बी करती. गाडी कशी करती ती करून दाव."

वकिलांनी इकडंतिकडं बघितलं. "कुई," हळूच म्हणाले.

"तोंड उगड की! जेवताना उगडतोस न्हवं?"

"कुईई!"

"मागं खट् येतंय का?"

"येतं, येतं. कुई-खट्."

"खट् आदी का कुई आदी? नीट सांग. मागनं बदलायचं न्हाय."

वकील थबकले. हा प्रश्न ते कोर्टात साक्षीदाराला विचारत असणार. मग त्यांनी डोळे मिटले, बाकावर बसल्यासारखे गुडघे वाकवले, अंग वरखाली हलवलं आणि भर रस्त्यात "खट्-कुई, खट्-कुई" असं चारदा केलं. वीसेक माणसं जमली होती. एका टांगेवाल्यानं विचारलं, "सायेब, अंडं कुटं घातलं?"

नरसय्या हसला नाही. "मागची डावी कमान. तिच्या टोकाच्या कानातलं बुश झिजलंय. पिन आपटती ती खट्, आन् कोरडी फिरती ती कुई." उघडून बघितलं तर पिनेभोवतीचं पितळी बुश कागदासारखं पातळ झालेलं. त्यानं मागाच्या मोडक्या सामानातलं पितळ कापून, कानशीनं घासून नवीन बुश बसवलं आणि वकिलांना हातानं वाट दाखवत म्हणाला, "पो रा." तेलुगूत हे "जा की रे" असं होतं. गिऱ्हाइकाला निरोप द्यायचे एवढेच शब्द त्याच्याकडं होते.

पण तोंडाच्या आवाजावर तो थांबायचा नाही. दुसरी पायरी अस्सल विणकराची होती. घरून आणलेलं कच्चं सूत घ्यायचं आणि गाडीखाली जाऊन प्रत्येक सांध्यावर एकेक धागा आडवा बांधायचा. कमानीच्या कानाला, पिनेला, जिथं लोखंडाला लोखंड लागतं तिथं तिथं. मग सांगायचं, "रेल्वे फाटकापत्तुर जाऊन ये. हळू न्हाय. रोज जसं मारतोस तसं मार." परत आल्यावर तो खाली जायचा. जिथला धागा तुटला तिथं सांधा ढिला. वीस धागे शाबूत आणि एक तुटलेला, म्हणजे रोग तिथं, आवाज कुठूनही येवो.

"कान असणाऱ्याला आवाज फसिवतो," तो मला एकदा म्हणाला. म्हणाला म्हणजे ओरडला. "मोडतंय फुडं, वरडतंय मागं. तू मागं हातोडी घिऊन बसतोस. मूर्ख!"

हे त्यानं ज्या दिवशी म्हटलं, त्या दिवशी मी खडखडाट बंद व्हावा म्हणून बॉडी आणि सांगाडा यांच्या फटीत घोंगडीचे तुकडे ठासून नेले होते. त्यानं ते एकेक करून उपसले, वास घेतला आणि माझ्या अंगावर फेकले.

"गाडीला थंडी वाजती व्हय रे? का दुखनं झाकतोस?"

मी म्हटलं, "आवाज बंद झाला होता की."

"मड्याचा बी बंद व्हतो."

असा हा माणूस. दाजींना त्याच्याशिवाय चालायचं नाही, आणि मला त्याच्यापुढं उभं राहायला नको वाटायचं. मी मनात बोललो तरी ओठ हलतात ही माझी जुनी खोड. त्यामुळे मला त्याच्यासमोर मनातसुद्धा शिव्या देता येत नसत. पाठ फिरवून द्याव्या लागत.

त्या वर्षी आमच्या मोटारीची मागची डावी कमान रडायला लागली. कमान म्हणजे एकावर एक ठेवलेले पोलादी पाटे. सगळ्यांत वरचा लांब, त्यावर सगळा भार. पाटे फाकू नयेत म्हणून दोन्हीकडं त्यांना लोखंडी पट्टीनं आवळलेलं असतं, आणि पट्टीला एक बोल्ट. आमची कमान खड्डा आला की "कुईंऽऽ" करून असं काही विव्हळायची की शेतातली माणसं वर बघायची. अक्कलकोटच्या वाटेवरच्या गावांत आमच्या गाडीला "रडकी मोटार" असं नाव पडलं. बायाबापड्या चढताना मला विचारायच्या, "सदा, गाडी व्यायला लागली काय रं?" त्यातच दुसऱ्या एका मालकानं त्याच रस्त्यावर नवी मोटार टाकली. ती सरसर जायची. तिचा ड्रायव्हर मला बघून भोंगा न वाजवता तोंडानंच "कुईंऽऽ" करायचा, आणि त्याचे उतारू आमच्या उतारूंना हसायचे.

नरसय्यानं धागे बांधले. एकही तुटला नाही. त्यानं कमानीवर बादलीभर पाणी ओतलं. पाणी होतं तोवर रडणं बंद, वाळलं की सुरू. हे मी त्याला तोंडानं करून दाखवलं, अर्थात.

"काय बी झालं न्हाय," तो म्हणाला. "पाटे कोरडे हायत, घासत्यात. घासत्यात म्हणून गाडी उसळत न्हाय. ह्याला हात लावू नगं."

"पण लोक हसतात."

"तुला बघून हसत्यात. कमानीचं नाव सांगू नगं."

दाजी हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बुधवार होता. गुरुवारी अक्कलकोटला मठात दर्शनाची गर्दी असते, दोन्ही मोटारी भरून जायच्या, आणि मला त्या नव्या गाडीच्या शेजारून न रडता जायचं होतं. घरी गेलो. परसात बैलगाडीच्या आसाचं वंगण होतं, एरंडेलात जळक्या कडब्याची राख कालवलेलं. आमच्या घरचं चार पिढ्यांचं औषध. आजोबा म्हणायचे, गाडी रडली की वंगण पाज. मी पाजलं. पाट्यांत आत जाईना म्हणून पट्टीचा बोल्ट काढला, पहारीनं पाटे फाकवले, आणि वंगणाचा अख्खा बांबूचा नळा रिकामा केला. मग पाटे असे गुळगुळीत झाले की एकाला दाबलं की दुसरा सरकायचा. पट्टी जागेवर येईना, बोल्ट भोकात बसेना. "उद्याची गर्दी होऊ दे, मग बघू," असं म्हणून मी तो बोल्ट सदऱ्याच्या खिशात टाकला.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, असे तीन दिवस मी राजा होतो. गाडी पालखीसारखी डुलत जायची. उतारू म्हणायचे, "मिस्त्रीनं हात फिरवला वाटतं," आणि मी नाही म्हणायचो नाही. दाजींनी विचारलं तेव्हाही म्हटलं, "केलं त्यानं काहीतरी." खोटं एवढंच. फार मोठं नव्हतं. घोंगडीच्या तुकड्याएवढं.

रविवारी सकाळी परतीच्या वाटेवर, एका ओढ्याच्या उतारात चाक खड्ड्यात गेलं आणि वर उसळलं. उसळलं ते उसळतच राहिलं. खालून तोफ सुटल्यासारखा आवाज आला, डाव्या बाजूनं गाडी बसली, आस तिरका झाला आणि आम्ही बाभळीत जाऊन थांबलो. दोघांची डोकी फुटली. एका पाटीतल्या कोंबड्या सुटल्या. अक्कलकोटकडची एक कानडी म्हातारी बाकावरून खाली पडली आणि तिचं मनगट मोडलं. "अय्यो शिवने! अय्यो शिवने!" एवढंच ती म्हणत होती. मी तिच्याजवळ गेलो तर तिनं दुसऱ्या हातानं मला ढकललं. तिनं बरोबर केलं.

बैलांच्या दोन जोड्या लावून गाडी नरसय्याच्या अड्ड्यावर ओढून आणली. दुसऱ्या दिवशी फौजदार आले, पंच आले, गावातले मोटारमालक आले. वरचा पाटा कानापाशी कडकन तुटला होता, पट्टी लोंबत होती, बोल्ट नव्हता. मिस्त्रीनंच काम केलं असं माझ्यामुळे सगळ्यांना वाटत होतं; यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

"बोल्ट बसवायचा विसरलास," फौजदार ओरडले. बहिऱ्याशी बोलताना सगळे ओरडायचे. त्याचा उपयोग नसायचा.

"मी बोल्ट विसरत न्हाय."

"मग गेला कुठं?"

नरसय्या खाली बसला, तुटक्या पाट्यावरून बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं. मग त्यानं फौजदारांना दाखवलं. "चाक खड्ड्यातनं वर आलं की कमान उसळती. पट्टी असली तर उसळी सगळे पाटे मिळून घेत्यात. पट्टी न्हाय, तर वरचा एकटा घेतो. आन् हे बघा, आत तेल. घासायला कायच न्हाय ठेवलं. गाडी उसळणार न्हाय तर काय?"

"तेल कुणी घातलं?"

त्यानं मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं. मी पंचांच्या मागं उभा होतो. आवाज न करता माझे ओठ हलले. "नको," असे हलले. पन्नास पावलांवरून वाचणारा माणूस, मी तर दहावर होतो.

त्यानं वाचलं. थुंकला. "म्हाईत न्हाय," म्हणाला.

मग एक मालक म्हणाला तेच सगळे म्हणायला लागले. "अहो, ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडं आवाजाची दुरुस्ती! आपलंच चुकलं." "साधा ढिला बोल्ट खडखडला तरी त्याला कळणार कसा?" "आंधळ्याकडनं पोथी वाचून घ्यायचा प्रकार." नरसय्या एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. पाठ करून बोलणाऱ्याचंही तो समोरच्याच्या चेहऱ्यावरून ताडत असावा. फौजदारांनी हुकूम दिला की चौकशी पुरी होईपर्यंत उतारूंच्या कुठल्याही मोटारीला या मिस्त्रीनं हात लावायचा नाही.

त्यानंतर त्या कडुनिंबाखाली कुणी गेलं नाही. उतारूंच्या मोटारी बंद, म्हणून खाजगी गाड्याही बंद. वकीलसुद्धा दुसरीकडं जाऊ लागले. तो टांग्यांच्या कमानी करतो म्हणायचा, पण टांगेवाले म्हणायचे, "बोल्ट मोजून घ्यावं लागतंय बाबा." वीस वर्षं गिरणीत घालवून कान दिले, त्यावर उभा केलेला हा धंदा. तो गेला असता तर त्याला परत कुठल्या खात्यात घेतलं असतं? मुकादमाच्या कपाळावरची खूण अजून होती.

मी सुखात होतो असं नाही. तीन आठवड्यांनी मी अड्ड्यावर गेलो. दुपारची वेळ. तो रिकाम्या खड्ड्याच्या काठावर बसून एका जुन्या कमानीचे पाटे घासत होता. गिऱ्हाईक नसलेली कमान.

मी समोर बसलो. म्हटलं, "नरसय्या, मला एक सांगायचंय."

"मला सांगू नगं. मला म्हाईत हाय. एरंडेल न्हाय कळत व्हय मला? आमच्या घरी दिवा कशाचा जळतो?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर काय म्हनले असते? बहिरा आपलं पाप डायवरच्या डोक्यावर मारतोय. मी सांगून खरं व्हत न्हाय. तू सांगून व्हतंय."

"माझं चुकलं. मी मुद्दाम..."

"ज्याला म्हाईत न्हाय त्याला सांग," तो गरजला, आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

बहिऱ्यानं डोळे मिटले की संपलं. मी "अरे ऐक तरी," म्हणालो. म्हणालो आणि माझं मलाच कसंसं झालं. त्याचे हात पाट्यावरून तसेच फिरत होते, मिटल्या डोळ्यांनी. मी काही वेळ तोंड हलवत बसलो. क्षमा मागायची तर पाया पडावं लागेल असं वाटलं होतं. हा मला तेवढंही करू देईना. शेवटी उठलो.

चौकीत दाजी होतेच, गाडी सोडवायच्या खटपटीत. मी फौजदारांच्या टेबलावर बोल्ट ठेवला. चपट्या डोक्याचा, बोटभर लांबीचा. इतके दिवस खिशात राहून सदऱ्याला त्याचा गंज लागला होता. सगळं सांगितलं. फौजदारांनी बोल्टाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पहिलं काम म्हणजे माझं लायसन मागून घेतलं. दाजींनी मला तिथंच दोन ठेवून दिल्या. फौजदार म्हणाले, "घरी नेऊन मारा हो. इथं मारलं की आम्हाला लिहावं लागतं."

घरी बहिणीनं महिनाभर माझ्याशी भाषण केलं नाही. दाजींनी मला त्यांच्या चुलतभावाच्या अक्कलकोटच्या भुसार दुकानात धाडायचं ठरवलं, पुन्हा चाकाला शिवायचं नाही या बोलीवर. तिकडं नरसय्यावरचा हुकूम उठला. आमच्या गाडीला त्यानंच नवा वरचा पाटा घातला, दोन्ही पट्ट्या नव्या, पाटे राखेनं आणि रॉकेलनं धुऊन कोरडे. दाजी सांगत होते, कामभर तो माझ्या नावानं बोलत होता, आणि त्यातलं घरात सांगण्यासारखं काही नव्हतं.

पण हुकूम उठला म्हणून माणसांची भीती उठते काय? गाडी मोटारींच्या तळावर पहिल्यांदा लागली त्या सकाळी दाजी घसा फोडून "अक्कलकोट, अक्कलकोट" करत होते आणि एक माणूस चढत नव्हतं. लोक गाडीभोवती फिरायचे, वाकून मागच्या चाकाकडं बघायचे, आणि समोरच्या नव्या मोटारीत जाऊन बसायचे. "बहिऱ्यानंच केली न्हवं? मग नगं." नरसय्या गाडीच्या मागं हाताची घडी घालून उभा होता. तो सगळ्यांची तोंडं वाचत होता. त्याच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, फक्त जबडा हलत होता.

मी वळकटी घेऊन तिथं पोहोचलो होतो. कशानं जायचं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी त्या नव्या मोटारीच्या पायरीपर्यंत गेलो होतो.

नरसय्या तडातडा निघून गेला. दाजींना वाटलं, गेला रागानं. थोड्या वेळानं परत आला तो राजव्वाला घेऊन. ती बाई मागावरून तशीच उठून आलेली. बोटांना खळ, केसांत सुताचे तुकडे, कडेवर वर्षाचं मूल. येताना तेलुगूत नवऱ्याला फाडून खात होती. त्याला काय, तो पुढं चालत होता. मागं वळून बघितलं नाही की शिवी लागत नाही. त्यानं तिला पायरीवर चढवलं, आणि सगळ्यात मागच्या बाकावर, डाव्या अंगाला, बरोबर त्या कमानीच्या वर नेऊन बसवलं. खाली उतरला आणि सगळ्या तळाला ऐकू जाईल असं ओरडला, "माजी बायको बसली! आता कुनाला काय म्हनायचंय?"

कुणी चढलं नाही.

मग त्याची नजर माझ्यावर पडली. माझा एक पाय त्या दुसऱ्या मोटारीच्या पायरीवर होता.

"तू बी भितोस व्हय रे, भडव्या?"

सगळा तळ माझ्याकडं बघायला लागला. ज्यानं बोल्ट काढला तो माणूस हाच, हे आता पोरासोरांना माहीत झालेलं. मी पाय काढला. वळकटी उचलली. आमच्या मोटारीत चढलो आणि मागच्या बाकावर, राजव्वाशेजारी हातभर जागा सोडून बसलो. तिनं मुलाला माझ्यापासून लांबच्या मांडीवर घेतलं. माझ्या मागून एक म्हातारा चढला. "डायवरच बसतोय म्हंजी आता बरी असल," असं काहीतरी म्हणाला. मग दोन बाया. मग एक कोंबड्यांची पाटी. बाकं भरायला लागली.

माझ्या जागी आलेल्या ड्रायव्हरनं आमची गाडी काढली. तळाच्या तोंडाशी गटारावरचा पहिला दणका बसला आणि खालून कमान रडली, कोरडी, खणखणीत, पहिल्यासारखी. पुढच्या बाकावरचे लोक हसले. राजव्वा दचकली आणि तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू तो आवाज मीच केला होता.

मी मागच्या फटीतून बाहेर बघितलं. धुळीत नरसय्या उभा होता, गुडघ्यांवर हात टेकून, अर्धा वाकलेला. मला वाटलं बायकोला काही खूण करेल. मूल तिच्या खांद्यावरून त्याच्याकडं हात हलवत होतं. त्याचं लक्ष नव्हतं. बायकोकडं नव्हतं, मुलाकडं नव्हतं, माझ्याकडं तर नव्हतंच. गाडी दुसऱ्या खड्ड्यात गेली, वर आली, आणि तो आणखी वाकला. मागच्या डाव्या कमानीवरची त्याची नजर आम्ही वळणाआड जाईपर्यंत हलली नाही.